दिरा, गुंतीनो आणि जिलबाब: सोमाली बायकांचा 'खरा' पोशाख कुठला?

हिमगौरी

मंडळी, विषय जरा लांबचा आहे, पण डोक्यातून जात नाहीये.

मी मिनेसोटातल्या मिनियापोलिसला राहते. अमेरिकेतले सगळ्यात जास्त सोमाली लोक याच राज्यात आहेत, त्यामुळे लॅबमध्ये, बसमध्ये, मुलाच्या शाळेत सोमाली बायका रोज भेटतात. बहुतेक जिलबाबमध्ये. म्हणजे डोक्यावरून गुडघ्याच्या खाली येणारा एकसंध घेर आणि त्याच कापडाचा परकर. चेहरा तेवढा उघडा. रंग करडा, तपकिरी, काळा, फार तर गर्द निळा. जानेवारीत उणे वीस असताना काहीजणी त्याच्यावरूनच जाडजूड जाकीट चढवतात. दहा वर्षं हे बघून मी धरूनच चालले होते की हा यांचा पिढीजात पोशाख.

मागच्या महिन्यात लॅबमधल्या मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. सातव्या दिवशी फक्त बायकांचा कार्यक्रम असतो, 'शाश सार'. आमंत्रणासोबत दमही आला: "पँट घालून आलीस तर दारातून परत पाठवीन." हॉलच्या दाराशी कपडे टांगायची रांग होती, सगळे काळे आबाये (अरबी पद्धतीचे पायघोळ झगे) आणि जिलबाब. ते उतरले आणि आतून ज्या बायका निघाल्या त्या मी कधी पाहिल्याच नव्हत्या. डाळिंबी, मोरपंखी, हळदी, सोनेरी. फोन दारातच जमा, म्हणून फोटो नाहीत, मागू नका.

त्या कपड्याला 'दिरा' म्हणतात. भलामोठा आयत. पातळ व्हायल दुमडून दोन्ही बाजू शिवायच्या, मान आणि हात बाहेर काढायला जागा ठेवायची, झालं. कापड आरपार दिसतं आणि ते दिसावं हाच हेतू, कारण आत 'गोरगोरद' असतो, चकचकीत सॅटिनचा परकर, काठाला भरतकाम. दिऱ्याची एक बाजू उचलून परकराच्या नाडीत खोचायची म्हणजे काठ दिसतो. (आजी धुणं धुताना खोचायची तस्सं!) खांद्यावर 'गरबसार', आपल्या ओढणीची मोठी बहीण. 'गरब' म्हणजे खांदा. सगळे कपडे 'उन्सी'च्या धुरावर धरलेले, त्यामुळे शंभर बायका म्हणजे शंभर धुपाटणी. आणि नवरीच्या तोंडाला आधी हळद लावलेली. हळदीला 'हुरूद' म्हणतात. मला एकदम घरी आल्यासारखं झालं.

मग 'बुरानबूर' सुरू झालं. बायकांनी रचलेलं, बायकांनीच म्हणायचं काव्य. ढोल वाजतो आणि एकेक जण मधे येऊन नाचते. शेवटी लग्न झालेल्या बायका नवरीच्या डोक्यावर शाश ठेवतात. शाश म्हणजे डोक्याचा रुमाल, सवाष्णीची खूण. आधी कुमारिका डोकं झाकत नसत, वेण्या उघड्याच.

मैत्रिणीची आई माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "आता सहा वर्षांची पोरही डोकं झाकते. मग हा शाश आम्ही नक्की कशावर ठेवतो?" आणि लगेच उठून नाचायला गेली.

तर प्रश्न असा: हे बदललं कसं आणि केव्हा? कुणाला माहिती असेल तर सांगा.

खुसखुशीत

मथळा वाचून वाटलं दिरावर धागा आहे. पॉपकॉर्न घेऊन आलो होतो. असो, वाचतोय.

दर्यावर्दी

हिमगौरी, छान लिहिलंय. आधी उच्चाराचं. सोमाली भाषेला १९७२ साली रोमन लिपी मिळाली आणि तीत 'सी' हे अक्षर अरबीतल्या 'ऐन'साठी वापरतात, घशातून काढायचा आवाज. म्हणून लिहिलेलं वाचून लोक 'दिराक' म्हणतात, ते चूक. 'दिरअ' जवळचं. शब्द अरबी आहे. समोरच्या किनाऱ्यावर, येमेनमधल्या एडन बंदरातही बायका याच नावाचा, असाच झगा घालतात.

म्हणजे ज्याला आपण 'अस्सल सोमाली' म्हणतोय त्या दिऱ्याचं नाव अरबी आणि कापड बाहेरचं. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

दिऱ्याच्या आधीचा पोशाख 'गुंतीनो'. न शिवलेलं लांब कापड, एका खांद्यावर गाठ, मग छातीवरून कमरेला वेढा. दुसरा खांदा आणि दंड उघडे. साधं पांढरं कापड, नाहीतर 'अलिंदी', म्हणजे मोगादिशूच्या मागावरचं रंगीत पट्ट्यांचं आणि चौकड्यांचं कापड. हा माग खड्ड्याचा, विणकर पाय खड्ड्यात सोडून बसतो. हमर वेन आणि शंगानी हे मोगादिशूचे जुने मोहल्ले या कामासाठी प्रसिद्ध. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३१ साली तिथे गेला तेव्हा या शहराचं कापड इजिप्तपर्यंत जातं असं त्याने नोंदवून ठेवलंय.

मग एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मांजरपाट आला. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदरातून झांझिबारला आणि तिथून सगळ्या पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. नावच पडलं 'मेरिकानी'. मागवाल्यांना जबर फटका बसला. आपल्याकडे मँचेस्टरने केलं ते तिथे आधी सेलमने केलं म्हणा.

मुंबईचाही यात हात आहे. एडन १८३९ पासून मुंबई सरकारकडे, थेट १९३२ पर्यंत. समोरचा ब्रिटिश सोमालीलँड १८९८ पर्यंत एडनवरूनच चालवला जायचा. एडनच्या छावणीला मटण पुरवणं हे त्या किनाऱ्याचं मुख्य काम आणि तिथल्या बर्बेरा बंदराच्या बाजारात चलन आपला रुपया. बोकड तिकडे, कापड इकडे.

खुसखुशीत

गुंतीनो! गाठ मारायची म्हणून गुंतीनो. आपला 'गुंता' तिकडे गेला की त्यांचा इकडे आला?

दर्यावर्दी

कुठूनही कुठे गेलेला नाही. सोमाली ही कुशिटिक भाषा, म्हणजे आफ्रिकेतलं वेगळंच भाषाकुळ. त्यांच्याकडेही नावात गाठ बांधणंच आहे हे खरं, पण तो निव्वळ योगायोग. असल्या व्युत्पत्त्या व्हॉट्सॅपसाठी राखून ठेवा.

जुना जवान

मी १९९३-९४ ला संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत आपल्या ब्रिगेडबरोबर सोमालियातल्या बैदोआ गावी होतो. तेव्हा पोशाखाकडे बघायला कुणाला वेळ होता, पण एवढं आठवतं की तांबड्या धुळीत लांबून दिसायची ती बायकांची कापडं. नारिंगी, पिवळी, एका खांद्यावर गाठ. ज्वारीच्या शेतात काम करणाऱ्या, पाठीला पोर बांधलेल्या. आमच्यातला कोल्हापूरचा एक हवालदार म्हणाला होता, "साहेब, आमच्या शेतातल्या बायकाच की, फक्त चोळी राहिली." डोकं पूर्ण झाकलेल्या बायकाही होत्या, पण थोड्या.

नंतर बातम्यांत त्याच बैदोआचे फोटो बघितले तर सगळं करडं-काळं. ओळख पटेना.

पुणेरी पाटी

माझा अनुभव. पुण्यात कॉलेजात माझ्या वर्गात दोन सोमाली मुली होत्या, दोघी उत्तरेकडच्या हरगेसा शहरातल्या. पुण्यात सोमाली विद्यार्थी खूप, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. एक जिलबाबवाली, दुसरी जीन्स, लांब कुर्ता आणि स्कार्फ. दोघी एकाच खोलीत राहायच्या आणि कपड्यांवरून त्यांना भांडताना मी कधी पाहिलं नाही. भांडण असायचं भात कोण लावणार याचं.

जिलबाबवालीने एकदा फोनमधला आईचा फोटो दाखवला. सत्तरच्या दशकातला, स्टुडिओतला. बिनबाह्यांचा ब्लाउज, गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट, डोक्यावर फुगवलेल्या केसांचा हा एवढा टोप. मी म्हटलं, "आईला आता बघवतो का हा?" ती म्हणाली, "आईनेच जपलाय. १९८८ ला शहरावर बाँब पडले तेव्हा घरातून तिने जे उचललं त्यात हा होता. पण भिंतीवर लावू देत नाही." आणि हीच आई रोज रात्री फोनवर विचारायची, बाहेर जाताना नीट झाकून जातेस ना.

तिला विचारलं होतं, तू का घालतेस. उत्तर आलं, "आईला नमाज येत होता, अर्थ येत नव्हता. मला येतो." तिच्या दृष्टीने जिलबाब म्हणजे आईपेक्षा जास्त शिकल्याची खूण. मला तेव्हा हे पटलं नव्हतं. अजूनही पूर्ण पटत नाही, पण विसरता आलेलं नाही.

अनघड

पुणेरी, शिकल्याची खूण वगैरे गोड वाटतं ऐकायला, पण जरा राजकारणही बघा. १९६९ ला लष्करशहा सियाद बारे सोमालियात सत्तेवर आला, 'वैज्ञानिक समाजवाद' आणला. जानेवारी १९७५ मध्ये त्याने कुटुंब कायदा जाहीर केला, मुलींना मुलांइतका वारसा. मौलवींनी मशिदीत विरोध केला, तर दहाजणांना गोळ्या घातल्या. कायदा चांगला, पण अंमल बंदुकीने. परिणाम काय झाला? धार्मिक मंडळी सौदी आणि इजिप्तला गेली, तिथली शिकवण घेऊन परतली. त्याच काळात तेलाच्या पैशामुळे हजारो सोमाली आखातात कामाला गेले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शहरांत पहिले जिलबाब दिसू लागले, तेव्हा लोक वळून वळून बघायचे. १९९१ ला सरकारच कोसळलं आणि मग शाळा, दवाखाने, धान्य, सगळं चालवायला उरल्या त्या बऱ्याच ठिकाणी धार्मिक संस्था. जो शाळा चालवतो तो गणवेश ठरवतो.

आणि शेवटी अल-शबाब ही कट्टर इस्लामी सशस्त्र संघटना. त्यांच्या हद्दीत नुसतं झाकणं पुरेसं नव्हतं, कापड जाड हवं, ढगळ हवं, नाहीतर फटके. पस्तीस अंशांच्या उन्हात. त्यामुळे 'निवड' हा शब्द वापरताना जरा जपून.

रत्नागिरीकर

मी कोकणी मुसलमान, म्हणून या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

अनघड यांचा इतिहास बरोबर आहे, पण त्यातून असं वाटतं की बाईला कुणीतरी कापडात गुंडाळलं आणि ती गप्प उभी राहिली. माझी आजी साडी नेसायची, बाहेर पडताना वर पांढरी चादर. आई साडीच. माझे मामा कुवेतला गेले, तिथून मामीसाठी पहिला काळा आबाया आला, तेव्हा मोहल्ल्यातल्या बायका तो बघायला आल्या होत्या. धर्म बाजूला ठेवा, ती आधी फॉरेनची वस्तू होती! घड्याळ, परफ्युम आणि आबाया एकाच बॅगेतून आले. आता माझ्या बहिणी घालतात, कुणी सक्ती केलेली नाही, आणि आजीच्या साड्या ट्रंकेत आहेत. मला त्याचं वाईट वाटतं का? वाटतं. पण म्हणून बहिणीला सांगू का की तू आजीसारखी दिस?

सोमाली बायकांबद्दल एक मुद्दा कुणी मांडला नाही. यादवी युद्धात, छावण्यांत बायकांवर काय काय झालं ते जगजाहीर आहे. केनियातली दादाबची छावणी १९९१ पासूनची. रात्री सरपण आणायला जाणाऱ्या बाईला एक खांदा उघडा ठेवणारा गुंतीनो नको वाटला तर त्यात सौदीचा काय हात? शिवाय घरातून पळताना अंगावर होतं तेवढंच उरलं. वरून एक जिलबाब घातला की आतलं फाटकं कुणाला दिसत नाही.

अनघड

रत्नागिरीकर, फाटक्याचा मुद्दा मान्य. खरंच सुचला नव्हता. सरपणाचा मात्र अर्धाच मान्य. कारण त्यातून पुढे असं होतं की जी झाकत नाही तिच्यावर हल्ला झाला तर दोष तिचा. भीतीपोटी घातलेलं कापड वीस वर्षांनी 'संस्कार' होऊन बसतं आणि मुलीला त्याचं कारण सांगितलंच जात नाही.

रत्नागिरीकर

तेवढं मीही मान्य करतो.

खुसखुशीत

या धाग्यावर दोन माणसांचं एकमत झालं. प्रशासकांनी नोंद घ्यावी.

जुना जवान

एक भर. अंग झाकणाऱ्या कपड्याची तिथल्या सुरक्षेवाल्यांनाही धास्ती आहे. डिसेंबर २००९ मध्ये मोगादिशूच्या शामो हॉटेलात वैद्यकीय विद्यार्थ्यांचा पदवीदान समारंभ होता, तिथे स्फोट घडवणारा पुरुष बुरख्यात आला होता. मंत्री गेले, नुकतीच डॉक्टर झालेली पोरं गेली. तिकडे कपड्याकडे बघण्याची नजर आपल्यासारखी उरलेली नाही.

कापूसकोंडा

मी कापड धंद्यातला, इचलकरंजीचा. सगळे बायकांवरच बोलताय. सोमाली पुरुष काय नेसतात? 'मआवीस'. म्हणजे लुंगी! रंगीत, चौकड्यांची, आणि ती इंडोनेशियाहून आलेली, विसाव्या शतकात. त्याआधी पुरुषही पांढरं न शिवलेलं कापडच गुंडाळायचे. पण लुंगी आली तेव्हा कुणी धागा काढला नसणार की आमची संस्कृती बुडाली. पुरुषाने लुंगी नेसली की ती सोय, पँट घातली की ती प्रगती. बाईने एक कापड बदललं की परिसंवाद.

दुसरं, दिऱ्याच्या व्हायलबद्दल. फार पातळ कापड धुण्यात टिकत नाही, एकदोन लग्नांत विरतं. म्हणून दर लग्नाला नवा घ्यावा लागत असणार. जिलबाबचं पॉलिस्टर दहा वर्षं हलत नाही, इस्त्री नको. गरीब घरात हा हिशोब सगळ्यात आधी होतो, धर्म नंतर.

दर्यावर्दी

कापूसकोंडा, क्या बात! मआवीसचं विसरलोच होतो. व्हायलच्या टिकण्यावरून आठवलं: रोजच्यासाठी दिऱ्याचंच सुती भावंड आहे, 'बाती'. घरात आजही बहुतेक सोमाली बायका बातीतच असतात. आपला गाऊन समजा, फक्त त्यांचा दिसायला बरा.

पुणेरी पाटी

गाऊनवर ओढणी टाकून भाजी घ्यायला जाणाऱ्या समस्त पुणेकरणींच्या वतीने निषेध.

हिमगौरी

बापरे, दोन दिवसांत इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. काल मैत्रिणीच्या आईला जेवायला बोलावलं होतं, तुमचे मुद्दे (सभ्य भाषेत) तिच्यासमोर ठेवले. ती मोगादिशूची, म्हणजे 'हमर'ची. मैत्रीण भाषांतर करत होती, मधेमधे आईशी भांडतही होती.

बाहेरून आलेल्या कापडाबद्दल ती नुसती हसली. "आमच्याकडे सगळंच समुद्रातून आलं. तांदूळ, चहा, कापड, नवरे." तिचं दुःख ते नाहीच. तिचं म्हणणं, पूर्वी कपडा बोलायचा. उघड्या वेण्या म्हणजे कुमारिका, शाश म्हणजे लग्न झालेली. अलिंदीचा गुंतीनो नेसलेली बाई दक्षिणेची, शेतीवाली असेल हे लांबून ओळखू यायचं. झिरझिरीत दिरा म्हणजे आज घरात कार्य आहे. "आता रस्त्यात समोरून येणारी बाई एवढंच सांगते की मी मुसलमान आहे. ते तर मला आधीच माहीत होतं!"

मैत्रिणीला हे अजिबात पटलं नाही. ती म्हणाली, "आई, मला नकोच आहे रस्त्यातल्या माणसाला माझं लग्न झालंय की नाही हे कळायला." तिच्यासाठी जिलबाब गप्प आहे हाच त्याचा गुण. शिवाय इथे, मिनेसोटात, तिला शंभर देशांच्या माणसांत सोमाली-मुसलमान म्हणून ओळखलं जायचंय, अमुक कुळाची किंवा अमुक गावची म्हणून नाही. कुळांवरूनच देश फुटला ना, असं ती म्हणाली. या बाजूने मी कधी विचारच केला नव्हता.

मला विचाराल तर माझा कल आईकडे आहे. गुंतीनो गेला याचं मला एवढं वाटत नाही. नऊवारी गेली, मी कुठे रडले? पण मी हळदीकुंकवाला जाते तेव्हा माझ्या साडीवरून चार बायका चार गोष्टी ओळखतात, माहेरची का, पैठणी खरी का, आणि त्यातून गप्पा सुरू होतात. ते सगळं एकाच करड्या रंगात मिटून गेलं तर मला चुकल्यासारखं होईल. मात्र सोमाली बायकांनी ते मिटवलेलं नाही, हॉलच्या आत नेलंय. बाहेरचं बोलणं बंद, आतलं दुप्पट जोरात. दारातली ती खुंट्यांची रांग मी बघितली नसती तर मला हे कळलंच नसतं.

अनघड

पण आत नेलं म्हणजे आता ते फक्त बायकांपुरतं. शेतातला, बाजारातला, चारचौघांतला कपडा सणाचा झाला. आपल्या नऊवारीसारखाच, लावणीत आणि गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत. जिवंत आहे म्हणायचं की नाही?

दर्यावर्दी

त्यांच्याकडेही तसंच चाललंय. गुंतीनो आता बहुतेक 'धान्तो' नाचणाऱ्या मुलींच्या अंगावर आणि एक जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमात. शिवलेला, चेन लावलेला, आत पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट.

गंमत बघा, जगाला ठाऊक असलेल्या दोन सोमाली मॉडेल. इमान, १९५५ ला मोगादिशूत जन्मलेली. आणि हलीमा एडन, १९९७ ला केनियातल्या काकुमा छावणीत जन्मलेली, हिमगौरींच्याच राज्यात वाढलेली. २०१६ ला मिस मिनेसोटा स्पर्धेत हिजाब घालून उतरली. चार वर्षांनी तिने तो धंदाच सोडला, धर्माशी तडजोड होतेय म्हणून. दोघींमध्ये बेचाळीस वर्षं. हिमगौरींच्या मैत्रिणीची आई आणि मैत्रीण यांच्यातही साधारण तेवढंच असेल.

हिमगौरी

अडतीस. 🙂

रत्नागिरीकर

हिमगौरीताई, त्या रात्री तुम्ही काय घातलं होतं ते सांगितलंच नाहीत.

हिमगौरी

अरे हो! मैत्रिणीने तिचाच दिरा दिला, शेंदरी. परकर माझा साडीचा चालेल म्हणून मी नेला होता, तर सगळ्यांनी हाणून पाडला, सुती आणि बिनभरतकामाचा म्हणून. मग तिच्या मावशीचा गोरगोरद मिळाला. नाडी इतकी सैल की नाचताना दोनदा सावरावा लागला. तिसऱ्यांदा नवरीच्या आजीने जवळ बोलावलं, स्वतःच्या पर्समधून सेफ्टी पिन काढली आणि काही न बोलता लावून दिली.

कापूसकोंडा, आता तुम्हाला विचारते: इचलकरंजीत दिऱ्यासाठी शेंदरी नाहीतर डाळिंबी व्हायल मिळेल का? डिसेंबरात येतेय. तिच्या दुसऱ्या बहिणीचं ठरलंय.

कापूसकोंडा

मिळेल. पण पन्हा किती लागतो ते मैत्रिणीला विचारून या. साडीच्या पन्ह्यात तो घेर बसणार नाही.